सूर कुणाचा?

गेल्या महिन्यात ‘चाल’ या शब्दावर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती : ‘सूर’ हा शब्द तुमच्या घरात कसकसा येतो ते कळवा. त्या एका ओळीला खूप पत्रं आली. सगळ्यांना इथे जागा देणं शक्य नाही, म्हणून पाच घेतली आहेत. पहिल्याच पत्राने मला माझ्या मिरजेच्या दिवसांत नेलं, त्यामुळे त्याचं उत्तर लांबलं आहे. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

*

बाई, माझी नात सातवीत आहे. परीक्षेत ‘सूर’ या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला होता. तिने ‘आवाज’ लिहिलं. त्यावर काट मारून शेजारी ‘स्वर’ असं लिहून आलं. नात मला विचारते, ‘आजोबा, गाणाऱ्याचा आवाज चांगला लागला काय आणि सूर चांगला लागला काय, एकच ना?’ मला नीट सांगता आलं नाही. सूर, स्वर, आवाज, नाद, ध्वनी हे सगळे एकच का? — एक आजोबा, इचलकरंजी

आजोबा, पेपर माझ्याकडे तपासायला आला असता तर नातीला मी अर्धा गुण दिला असता. आणि ‘स्वर’ लिहिणाऱ्या मुलीलाही अर्धाच दिला असता.

जन्माने सूर आणि स्वर एकच. संस्कृत ‘स्वर’ लोकांच्या तोंडात घासून घासून ‘सूर’ झाला. पण एकाच घरातली दोन भावंडं वेगवेगळ्या गावी वाढावीत तसं यांचं झालं. स्वर पोथ्या-पुस्तकांत राहिला. व्याकरणात अ, आ, इ, ई हे स्वर. त्या स्वराच्या मागून येतो तो अनुस्वार. गायनशास्त्रात स्वर सात, त्यांत चार कोमल आणि एक तीव्र मिळवले की बारा. प्रत्येकाला नाव आहे, जागा आहे, लिहिण्याची खूण आहे. सुराला असं नाव नाही. गंधार, म्हणजे सारेगम मधला ग, हा स्वर आहे. तो गंधार सुरात आहे की नाही, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

ध्वनी हा विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द. ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रण, ध्वनिप्रदूषण अशा जोडशब्दांतच तो जास्त भेटतो. घरात कुणी ‘कसला ध्वनी येतोय?’ असं विचारत नाही. आवाज फारसीतून आला आणि मराठीत पुरता रुळला. आवाज कुणाचा तरी असतो. तो बसतो, फुटतो, चढतो, घोगरा, चिरका, किनरा, भसाडा असतो, आणि जिन्यात ऐकला तरी माणूस ओळखू येतो. नाद मात्र वाजून झाल्यावरही मागे राहतो. देवळातल्या घंटेवरून हात काढला तरी घुमत राहतो तो नाद. एकदा शिरला की जात नाही, हाच त्याचा गुण आपण माणसाच्या वेडालाही लावला. म्हणून कुस्तीचा नाद असतो, कुणाच्या नादी लागतात, आणि कोल्हापुरात ‘नाद खुळा’ म्हणतात. (नादान आणि नादार यांचा या नादाशी संबंध नाही. त्यांतला ‘ना’ फारसी नकाराचा आहे.)

आता सूर. हा मला शब्दकोशात नाही कळला. तो कळला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत.

मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या गाण्याच्या बाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसायचे. मिरज हे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचं गाव. ते १९३७ साली गेले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. त्यांच्या किराणा घराण्याला जाणकार सुराचं घराणं म्हणतात. त्यामुळे आमच्या गावात एखाद्याचं गाणं कसं झालं हे विचारलं, तर तानांबद्दल, तयारीबद्दल नंतर बोलतात. पहिला प्रश्न असतो, ‘सुरेल आहे का?’

त्या वर्षी बाईंना तिथे गायचं होतं. तंबोऱ्याला मी नव्या तारा चढवल्या. पहिली तार पंचमाची, म्हणजे प ची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, म्हणजे सा च्या, शेवटची पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. पेटीवर प्रत्येक तार ताडून पाहिली. एकही इकडची तिकडे नव्हती. मोठ्या विश्वासाने मी तंबोरा छेडायला घेतला. बाईंनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकलं आणि म्हणाल्या, “स्वर बरोबर आहेत गं. सूर नाही.”

मला रडूच आलं. पेटी बरोबर म्हणते आहे तर बाई नाही कशा म्हणतात? त्यांनी मला तंबोऱ्यासकट रिक्षात बसवून गल्लीत पाठवलं.

सतारमेकर गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांतल्या काहींनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठचे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पेढे वाटले. वाद्यं माझी नव्हती, पण गाव माझं होतं.

त्या दिवशी दुकानातल्या चाचांनी माझं म्हणणं ऐकूनही घेतलं नाही. तंबोरा आडवा मांडीवर घेतला, खर्जाची तार एकदाच छेडली आणि म्हणाले, “तार गप्प आहे.” तंबोऱ्याची घोडी वरून सपाट नसते, तिला किंचित उतार असतो. तार त्या उतारावर टेकते आणि टेकते तिथे तिच्याखाली एक सुताचा धागा सारलेला असतो. यालाच जवारी म्हणतात. धागा जागेवर असला की तार घोडीच्या पाठीला हलके स्पर्श करत थरथरते आणि तिच्या पोटातले बारीक बारीक सूर बाहेर येतात. चाचांनी तो धागा नखाने सरकवला. किती? केसभर असेल. पुन्हा तार छेडली.

मी आजही तो क्षण सांगताना नीट शब्द सापडत नाहीत. तार उघडली. तिच्यातून एक झणकार उठून पसरला, आणि त्या खर्जाच्या आत, वर कुठेतरी, स्पष्ट गंधार ऐकू आला. चारही तारांत गंधाराची तार नाही! पंचम आणि षड्ज एवढेच तिथे लावलेले. चाचा म्हणाले, “आता बोलली.”

त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो चमत्कार नाही. तार अख्खी हलते तशी ती अर्ध्यात, तिसऱ्या हिश्श्यात, चौथ्या, पाचव्या हिश्श्यातही हलत असते. पाचव्या हिश्श्यातून जो स्वर निघतो तो गंधाराचा. तो प्रत्येक तारेत असतो, पण जवारी बंद असली की दबून राहतो. मी तारा ओढून स्वर जागेवर आणले होते. एका तारेतलं दुसरीला ऐकू जावं, चारींनी मिळून पाचवं काहीतरी द्यावं, ही सोय केली नव्हती. बाई जिला सूर म्हणत होत्या ती ही.

म्हणून नातीला असं सांगा : स्वर एकटा असू शकतो, सूर एकटा नसतो. त्याच्यासोबत येणारी क्रियापदं पाहा. सूर जुळतो, मिळतो, मिसळतो, चुकतो, हरवतो, गवसतो. जुळतो तो कशाशी तरी जुळतो, चुकतो तो कुणाच्या तरी मानाने चुकतो. दोन बहिणींचे सूर जुळले म्हणजे त्या गायिका झाल्या असं नव्हे. ‘पत्राचा सूर बरा नव्हता’ यातही पत्र वाचणारा धरलेला आहे. शेजारच्या काकूंचा आवाज चढला तर त्या रागावल्या. काकूंच्या बोलण्याचा सूर बदलला तर आपल्या दोघांमधलं काहीतरी बदललं, आवाज तेवढाच असला तरी.

आणि नातीच्या वाक्यातलं ‘लागला’ फार सुंदर आहे. आपण सूर लावतो आणि सूर लागतो, दोन्ही म्हणतो. लावणं माणसाच्या हातात आहे. मन लावतो, दिवा लावतो, सूर लावतो. लागणं हातात नाही. झोप लागते, ओढ लागते, सूर लागतो. गवई तासभर सूर लावत बसतो, आणि मग एखाद्या वेळी तो लागतो.

*

ताई, आम्ही पोरं कृष्णेत घाटावरून सूर मारतो. क्रिकेटच्या बातमीत ‘फलंदाजाला सूर गवसला’ असं येतं. हा सूर आणि तो सूर एकच का? — एक विद्यार्थी, वाई

एक नाही. पाण्यात मारतात तो सूर म्हणजे झेप, डोकं खाली घालून घेतलेली उडी. दिसायला आणि ऐकायला सारखा, पण कोशात त्याची नोंद वेगळी. क्षेत्ररक्षक सूर मारून झेल घेतो तो हाच. फलंदाजाला गवसतो तो गाण्यातला. बॅट, पाय आणि येणारा चेंडू यांचं जमून येतं, मग विचार न करता फटका बसतो, तेव्हा आपण त्याला गाण्याचा शब्द देतो. खेळाच्या एकाच पानावर ‘सूर हरवलेल्या खेळाडूने सूर मारून झेल टिपला’ असं छापता येईल आणि कुणाचा गोंधळ होणार नाही. पण घाटावरून सूर मारण्याआधी पाणी किती आहे ते काठीने बघत जा. उन्हाळ्यात पायऱ्या पाण्याखाली हातभरच असतात.

*

माझ्या सासूबाई स्वतः कधी गाणं शिकल्या नाहीत, पण दिवसभर गाण्यातलं बोलतात. ‘खर्जात काय बोलतोस, नीट सांग’ हे माझ्या नवऱ्याला. ‘पट्टी खाली घे’ हे मला. ‘टिपेला गेली’ हे नणंदेला. आणि मी नवऱ्याच्या बाजूने बोलले की ‘ओढ त्याची री’. हे सगळे शब्द गाण्यातलेच का? — एक सून, बेळगाव

चारही गाण्यातले. तुमच्या सासूबाईंचं बोलणं वहीत लिहून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

खर्ज म्हणजे मूळ षड्ज. उत्तरेकडे ‘ष’चा उच्चार ‘ख’ होतो, भाषाचं भाखा होतं, तसं षड्जचं खरज झालं आणि आपण त्याला खर्ज केलं. षड्ज याचा एक अर्थ सांगतात तो ‘सहांना जन्म देणारा’, कारण बाकीचे सहा स्वर त्याच्या आधाराने ठरतात. जुन्या ग्रंथांनी तो मोराच्या केकेत ऐकला आणि पंचम कोकिळेच्या कुहूत. मराठीत मात्र खर्ज म्हटलं की खालच्या सप्तकातला भारदस्त, पोटातून येणारा आवाज. नवरा खर्जात बोलतो म्हणजे शब्द छातीतच राहतात.

टीप त्याच्या उलट टोकाला. टिपेचा सूर म्हणजे उंचावरचा, ताणलेला. तारस्वर हा त्याचाच संस्कृत शेजारी, पण त्याला आता भांडणाचा वास लागला आहे. ‘तारस्वरात गायली’ असं कुणी म्हणत नाही, ‘तारस्वरात ओरडली’ म्हणतात. मला याचं वाईट वाटतं. तार सप्तकातला षड्ज लागतो तेव्हा सभेत जो श्वास थांबतो, त्याच्या वाट्याला हा शब्द यायला हवा होता.

पट्टी आली पेटीबरोबर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आपल्याकडे आली. नाटकवाल्यांनी, भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी ती उचलली. मग ‘तुमचा सूर कुठला?’ याचं उत्तर ‘पांढरी एक’, ‘काळी चार’ असं आकड्यात यायला लागलं. वरच्या पट्टीत बोलणं आणि पट्टी खाली घेणं हे त्यातून घराघरांत शिरलं. म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीला हे शब्द माहीत नसणार. पेटीचं दुःख एकच, तिचे स्वर कारखान्यात ठरलेले. तंबोऱ्याच्या धाग्यासारखं केसभर इकडेतिकडे काही होत नाही, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर मिंडेने घसरत जाता येत नाही. याच कारणासाठी रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते १९७१पर्यंत. मी पेटीच्या विरुद्ध नाही. पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामात तिच्यावाचून चालत नाही. पण नुसत्या पेटीवर तयार झालेला कान आणि तंबोऱ्यावर तयार झालेला कान यांत फरक पडतो, हे मी शिकवण्यांत पाहिलं आहे.

री म्हणजे मागच्यांनी धरून ठेवलेला, लांबवलेला सूर. पुढचा गातो, ओळ संपवतो, मागचे ती शेवटाला उचलून ओढत नेतात, म्हणजे पुढच्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात, ‘जी जी रं जी’ म्हणत. आज ‘री ओढणे’ हे हांजी हांजी करण्याच्या अर्थाने वापरतात, तेही तुच्छतेने. शाहिराला विचारून बघा. झीलकरी चांगला नसेल तर तो चौक पुरा करू शकत नाही. तेव्हा सासूबाईंनी पुन्हा म्हटलं, ‘ओढ त्याची री’, तर राग मानू नका.

*

मी एका दैनिकात उमेदवारी करतोय. ‘बैठकीत नाराजीचा सूर उमटला’ असं वाक्य लिहिलं तर आमच्या वरिष्ठांनी ते कापलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘सूर कुणाचा ते लिही.’ बातम्यांत हे वाक्य सगळेच लिहितात. माझं काय चुकलं? दुसरं म्हणजे, सूर दीर्घ आणि सुरात ऱ्हस्व का? — एक उमेदवार पत्रकार, सांगली

तुमचे वरिष्ठ कोण ते मला माहीत नाही, पण त्यांना माझा नमस्कार सांगा. मी एकतीस वर्षं वृत्तपत्रात मुद्रितशोधन केलं. कच्च्या मुद्रितांच्या समासात मी सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेले शब्द हेच : ‘सूर कुणाचा?’

शब्द चुकीचा नाही. चार माणसं चार तऱ्हांनी बोलली, पण सगळ्यांच्या बोलण्यातून एकच गोष्ट ऐकू आली, की तिला सूर म्हणावं. ‘पाणीपट्टी वाढवू नये असा सूर निघाला’ यात काही वावगं नाही, जर तो खरंच सगळ्यांतून निघाला असेल तर. अडचण अशी की एकट्या माणसाचं म्हणणं छापायचं असतं आणि त्याचं नाव द्यायचं नसतं, तेव्हाही हाच शब्द वापरतात. एकदा माझ्या हातात एका गावच्या सभेची बातमी आली. ‘सभेत विरोधाचा सूर उमटला.’ मी बातमीदाराला विचारलं, कोण कोण बोललं? तो म्हणाला, एकच जण बोलला, बाकीचे गप्प होते. मी म्हटलं, मग तिथे सूर नाही, तिथे एक आवाज आहे. त्याचं नाव लिहा. तो बोलला हीच मोठी गोष्ट आहे. तुम्ही त्याला सूर केलंत की त्याचं धाडस गर्दीत वाटून टाकलंत, आणि जे गप्प बसले त्यांनाही फुकट वाटा दिलात.

बातमीदार माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. त्यांनी नाव घातलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस कार्यालयात आला आणि चार अंक विकत घेऊन गेला.

बाकी बातम्यांतले सूर तुम्ही ओळखालच. मवाळ सूर, समजुतीचा सूर, टीकेचा सूर. ‘तोच सूर आळवला’ असं लिहिलंत तर तो माणूस तेच तेच पुन्हा बोलला असा चिमटा त्यात येतो, तो हवा असेल तरच लिहा. आळवणं ही मुळात फार कोमल क्रिया आहे, देवाला आळवतात.

शुद्धलेखनाचं सोपं आहे. फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, तसंच सूर पण सुराला, सुरात, सुरांनी. शब्दाला प्रत्यय लागताना उपान्त्य दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून शूर माणसाचं ‘शूराला’ राहतं. सुरेल, सुरावट, एकसुरी, सगळे ऱ्हस्व. बेसूर दीर्घ, बेसुरा ऱ्हस्व. आणि सुर-असुरांतला सुर म्हणजे देव, तो पहिल्यापासून ऱ्हस्वच.

एक चूक अजूनही रोज दिसते, ती तुम्ही करू नका. बेसूर आणि भेसूर हे दोन वेगळे शब्द आहेत. बेसूर म्हणजे सुरात नसलेला. भेसूर म्हणजे भीती वाटावी असा. रात्री कुत्रं भेसूर रडतं, ते बेसूर असायलाच हवं असं नाही. लग्नातला बँड बेसूर वाजतो, तो भेसूर नसतो.

*

बाई, माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. ‘पाणी’ एवढा शब्दही येत नाही. पण मी तिच्याजवळ बसून तिच्याच जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागले की ती खालच्या आवाजात माझ्याबरोबर ‘अं…’ असं लांब काहीतरी धरते. मी थांबले की तीही थांबते. भाऊ म्हणतो, कण्हतेय. मला तसं वाटत नाही. गुणगुणणं म्हणावं तर ओवीची चालही त्यात नाही, एकच सूर असतो. याला मराठीत काय म्हणायचं? — एक लेक, परभणी

तुमचं पत्र मी बरेच दिवस उशाशी ठेवलं होतं.

कण्हणं नाही ते. कण्हणाऱ्याला सोबत लागत नाही आणि दुसरा थांबला म्हणून तो थांबत नाही. गुणगुणणंही नाही, तुम्ही बरोबर ओळखलंत. गुणगुणण्यात चाल असते, भुंग्यासारखं स्वतःशी फिरणं असतं. लकेर म्हणावी तर ती येते आणि लगेच जाते. पुटपुटण्यात शब्द असतात, सूर नसतो.

तुमची आई सूर धरते. हाच त्याचा शब्द. लग्नात सनई ऐकली असेल. पुढचा वादक राग वाजवतो, त्याच्या बाजूला बसलेला दुसरा एकच सूर धरून असतो. त्याला चाल नाही, तान नाही. गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत तो सूर तुटू देत नाही. ऐकणाऱ्यांचं लक्ष पुढच्याकडे असतं, पण तो सूर थांबला तर पुढच्याच्या रागाखालची जमीन जाते.

आणि तुमच्या आईला हे नवीन नाही. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांना तंबोरा कुठला? जात्याची घरघर हाच त्यांचा तंबोरा होता. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या. एकीने ओवी म्हणायची, तोवर दुसरीने दाण्यांचा घास घालायचा आणि हुंकार द्यायचा. मग दुसरीची ओवी, पहिलीचा हुंकार. पहाटेच्या अंधारात ओवी म्हणणारीला कळायचं की समोरची जागी आहे, हात तिचाही चालू आहे. तुमच्या आईने आयुष्यात किती पहाटे हे केलं असेल. आता ओवी तुमच्याकडे आली आहे आणि हुंकार तिच्याकडे.

एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला. झटक्याने वाचा गेलेल्या काही माणसांना बोलता येत नाही, पण गाता येतं, सूर धरता येतो. वैद्यकात हे माहीत आहे आणि त्याचा आधार घेऊन शब्द परत आणण्याचा प्रयत्न वाचा-उपचार करणारे करतात. प्रत्येकाला सारखा गुण येतो असं नाही. पण ती ओव्यांना साथ देते हे त्यांना कळायला हवं, कारण तपासणीच्या खोलीत ती ओवी कुणी म्हणणार नाही.

घरात काय करायचं तेही लिहिते, तंबोऱ्यावर बसलेल्या बाईचा सल्ला म्हणून. तुम्ही आधी सुरू करू नका. आईच्या छातीवर हलका हात ठेवून तिला ‘अं’ म्हणू द्या, तो सूर कुठे आहे ते ऐका, आणि तुमची ओवी तिच्या पट्टीत उतरवा. आजारी माणसाचा सूर खाली असतो, तुमची नेहमीची पट्टी तिला उंच पडत असेल. ओवीच्या शेवटी एकदम थांबू नका, शेवटचं अक्षर जरा लांबवा. तिला श्वास घ्यायला तेवढी उसंत मिळेल. आणि भावाला एक दिवस त्या वेळी खोलीत बसवा. काही समजावून सांगू नका, नुसतं बसवा.